हेडबाईचे छप्पर, चार बोटे खाली

मी, खाली सही करणारी, गाड्यांच्या सीटा शिवून पोट भरलेली बाई, वयाने एवढी की आता सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले, आणि मग त्यांच्या गाडीची उसवलेली सीट कधी होईल असे विचारले. जिचे डोके ठिकाणावर नाही तिला कोणी सीट शिवायला देत नाही, तेव्हा हा मुद्दा निकाली निघाला असे मी समजते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी ज्यांनी तो आणून पाहिला ते थकून आपापल्या घरी गेले, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात लेकीला तोंडी जे काही म्हटले असेल, विशेषतः "तुला एक टाचणीसुद्धा देणार नाही" हे, ते या लेखाने रद्द समजावे.

वकीलबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, मृत्युपत्रात वस्तू लिहायच्या, गोष्टी सांगत बसायचे नाही. दुसरी, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करायचे नाही. साक्षीदार म्हणून सही केली की त्याच्या नावे लिहिलेल्या सगळ्यावर पाणी सोडावे लागते. पहिली गोष्ट मला जमणार नाही, कारण माझ्या वस्तूंना गोष्टी चिकटलेल्या आहेत आणि त्या सोडवू गेले तर वस्तूच फाटतील. दुसरीची सोय मी केली आहे. एक साक्षीदार डॉक्टर. दुसरे शेजारचे रिटायर झालेले साहेब. आमच्या शेडमधल्या ठोकाठोकीबद्दल साहेबांनी जेवढे अर्ज लिहिले तेवढे नोकरीतही लिहिले नसतील. त्यांना मी काही देणार नव्हतेच, त्यामुळे माणूस अगदी योग्य आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि त्यामागची पत्र्याची शेड, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. पुढच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते. ती खांद्याने ढकलायची, लाथेने नाही. शेड पाडून तिथे दोन खोल्या काढून भाड्याने द्याव्यात असे लेकीच्या मनात आहे, आणि ते तिने माझ्यापासून लपवलेले नाही. "आई, तिथे गाडी नाहीये, गाडीच्या नावाने अडगळ आहे," असे ती म्हणते. तिने शेड खुशाल पाडावी. पण कलम सहा पार पडल्याशिवाय एक पत्राही हलवू नये.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते लेकीचे. याहून जास्त सांगण्यासारखे तिथे काही नाही.

कलम तिसरे. माझे जाड कापड शिवायचे मशीनही लेकीलाच. तिला शिवता येत नाही आणि शिकायचेही नाही, हे मला माहीत आहे. पण ती लहान असताना या मशीनखाली, पायडलच्या शेजारी झोपायची. मशीन थांबले की जागी व्हायची, म्हणून मी कितीतरी दुपारी बिनदोऱ्याचे मशीन चालवले आहे. तिने ते घरात कुठेही ठेवावे, वर फुलदाणी ठेवली तरी चालेल. विकू मात्र नये.

आमच्या ह्यांचे हातोडे, पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे आणि कानशी यांचे काय करायचे ते पुढे येईल. हे डेंटर होते. ठोकर खाल्लेल्या गाडीचा पत्रा हाताने चाचपून, डोळे मिटून सांगायचे की मार कुठून बसला. मी सीट शिवायला त्यांच्या गॅरेजमध्ये गेले आणि तिथेच राहिले, अशी आमची हकीकत आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढेच विचारले, "ही शिवण उसवणार तर नाही ना?" मी म्हटले, "तुमचा पत्रा गंजेल, माझी शिवण उसवणार नाही." पुढे सगळा संसार याच सुरात झाला.

कलम चौथे. हेडबाई. शेडमध्ये जी गाडी उभी आहे तिला आम्ही सगळे हेडबाई म्हणतो. उंच कपाळ, गोल डोळे, ताठ मान. समोर उभे राहिले की आपली नखे कापलेली आहेत ना हे माणूस आपोआप बघतो. हे तिला भंगारातून घेऊन आले तेव्हा तिचे एक दार तिच्या पोटात होते. मी म्हटले, "हे काय आणलंत?" तर म्हणाले, "बघशील." एवढेच. भंगारातल्या गाडीबद्दल या माणसाला यापेक्षा जास्त बोलताना मी कधी ऐकले नाही.

हेडबाईला उभी करायला चार जण लागले. आमचे हे. यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी, धंद्याने वेल्डर, उंचीने असे की आमच्या घरातल्या प्रत्येक चौकटीला त्यांच्या कपाळाची ओळख आहे. तिसरे पेंटर. त्यांना सगळे उद्यासाहेब म्हणतात, कारण कोणाचीही गाडी ते कायम उद्याच देतात. आणि चौथे काचवाले, जे दिवसाकाठी दहा वाक्ये बोलतात, त्यातली पाच "हळू" अशी असतात. दर रविवारी हे चौघे शेडमध्ये जमायचे. आठवडाभर लोकांच्या गाड्या, रविवारी आपली. मी मागच्या खोलीत मशीनवर बसायचे, मधले दार उघडे ठेवून, आणि त्यांचे बोलणे माझ्या टाक्यांत मिसळून जायचे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा आवाज कोणता असे विचारले तर तोच. पत्र्यावरचा हातोडा, कानस, मध्येच हसणे, आणि काचवाल्यांचे "हळू".

गाडी चालू झाली, धावली, लेकीला शाळेत सोडून आली. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण ह्यांच्या मनात एक खूळ होते. शेडच्या भिंतीवर त्यांनी एका परदेशी मासिकाचे पान चिकटवले होते, त्यावर हेडबाईच्याच पिढीतली एक गाडी होती, छप्पर कापून खाली बसवलेली. खांब आखूड झाले की काचा अरुंद होतात, आणि काचा अरुंद झाल्या की गाडीचे डोळे बारीक होतात. हे म्हणाले, "बघ, हसतेय. आपल्या हेडबाईला एकदा हसवायचंय."

मला ते पटले. एरवी त्यांचे मला निम्मेच पटायचे, पण हे पटले.

किती कापायचे यावर आठवडेच्या आठवडे गेले. कोणी म्हणे तीन बोटे, कोणी म्हणे पाच. मग बोटे कोणाची हा प्रश्न निघाला. काचवाल्यांची बोटे पेन्सिलीसारखी, ह्यांची मुळ्यासारखी. शेवटी हे लाकडाची एक पट्टी घेऊन बसले, तिच्यावर आपली चार बोटे टेकवली आणि रेघ मारून ती कापली. त्या दिवसापासून तीच पट्टी म्हणजे माप. खांबांवर वर एक आणि खाली एक अशा चिकटपट्टीच्या रेघा आल्या, मध्ये बरोबर ही पट्टी बसेल एवढी जागा. कापल्यावर छप्पर खालच्या रेघेवर येऊन बसणार. मग प्रत्येकाचे डोके छपराला लागणार नाही ना हे बघायचे ठरले. सीट तेव्हा माझ्याकडे होती. जुनी काढून मी नव्या स्प्रिंगा घालत होते. उद्यासाहेबांनी युक्ती काढली. सुट्या भागांचे एक लाकडी खोके पालथे घालून सीटच्या जागी ठेवले आणि त्यावर एकेक जण बसला. प्रत्येकाचे डोके कुठवर येते त्याची पेन्सिलीची खूण शेडच्या लाकडी डांबावर केली. भावजींचीही खालच्या रेघेखाली बसली. जेमतेम, पण बसली.

मी मशीनवरून ओरडून विचारले, "खोक्यावर बसून माप घेताय का?" आतून हसण्याचा आवाज आला. हे म्हणाले, "तू सीट बघ." मी सीट बघितली.

कलम पाचवे. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून याला कलम म्हटले आहे. वकीलबाईंनी इथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. ते तसेच राहू द्यावे.

छप्पर कापायचा रविवार ठरला. आदल्या रविवारीच भावजींनी गाडीच्या आत लोखंडी सळया जोडून घेतल्या होत्या, कारण छप्पर उचलले की खालचे अंग सैल पडते आणि दारे लागेनाशी होतात. काचवाल्यांनी पुढची काच काढून, त्या पट्टीच्या मापाने कापून, घासून तयार ठेवली होती. मी सीट आणून बसवली. सगळे खूश होते. हे म्हणाले, "चला, एकदा शेवटचं बसून बघू." भावजी दारातल्या सळईवरून पाय टाकून आत गेले, बसले, आणि त्यांचे डोके चिकटपट्टीच्या खालच्या रेघेच्या चांगलेच वर आले.

माझी सीट त्या खोक्यापेक्षा चार बोटे उंच होती. गाडीची सीट तेवढी असतेच.

भावजी म्हणाले, "दादा, दोन बोटं कापू. तेवढ्यात काम होईल."

हे म्हणाले, "काच कापून झालीये. आता दोन बोटं कशी होतील?"

मी म्हटले, "मी सीट खाली घेते ना. आठवडा द्या मला."

"सीटचा प्रश्न नाहीये," असे दोघेही एकदमच म्हणाले. त्या दिवशी दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर. आणि खरेच, प्रश्न सीटचा राहिला नव्हता. हे भावाला म्हणाले, "तू जरा मान वाकवून बस."

भावजी गाडीतून बाहेर आले. "लहानपणापासून तुझ्यापुढे मान वाकवूनच बसलोय, दादा. गाडीत तरी सरळ बसू दे."

यावर काय बोलायचे हे आमच्या ह्यांना कळले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "नको बसूस मग." भावजींनी गॅसच्या टाकीची चावी बंद केली, हातमोजे काढून बॉनेटवर ठेवले, त्यातला डावा उचलला, उजवा तिथेच विसरला, आणि गेले. शब्दाने शब्द वाढायचा असतो तिथे वाढलाच नाही, म्हणून मिटलाही नाही. दोघे एका आईचे. पडती बाजू कोणी घ्यायची हे त्या घरात कोणी शिकवलेच नव्हते.

त्यानंतर ह्यांना दुसरा वेल्डर सहज मिळाला असता. गावभर होते. त्यांनी आणला नाही. उद्यासाहेबांनी एकदा एकाचे नाव सुचवले तर त्यांच्यावर असे डोळे वटारले की पेंटर खरोखरच दुसऱ्या दिवशी आले. दुसरा वेल्डर न आणणे हीच ह्यांची माफी होती. पण ही माफी अशी की ती फक्त मला दिसत होती, आणि ज्याची मागायची तो दोन गल्ल्या पलीकडे होता. सीटला मात्र मला हात लावू दिला नाही. "त्याला यायचं तर तो येईल," एवढेच. पुढे रविवार सुने गेले. काच माझ्या पलंगाखाली गोधडीत गुंडाळलेली राहिली. हे कधीकधी सळईवरून पाय टाकून हेडबाईत जाऊन बसायचे, काचेविना, समोर भिंतीवरच्या त्या मासिकाच्या पानाकडे बघत. मी मधले दार उघडे ठेवायचे.

हे गेले तेव्हा भावजी आले होते. सगळे होईपर्यंत मागे उभे राहिले, मला काहीतरी म्हणायला पुढे आले, आणि न बोलताच परत फिरले. मला राग आला नाही. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या भावाची आठवण आली, कारण पाठमोरे दोघे अगदी सारखे दिसतात.

त्यानंतर मी सीट मशीनवर घेतली. सगळी उसवली. स्प्रिंगा आखूड केल्या, खालची चौकट कापून बसकी करून घेतली, भरण पातळ केले पण दाबून भरले. शेडच्या डांबावर त्या पेन्सिलीच्या खुणा अजून होत्या. चौघांची डोकी, खोक्यावर बसलेली. ती मापे चुकीची नव्हती. फक्त खोक्याची होती. म्हणून मी सीट खोक्याएवढी खाली आणली. आता ती सगळी मापे खरी आहेत. खांबांवरची चिकटपट्टी वाळून सुटली की मी नवी लावत आले आहे, पट्टी धरून, त्याच जागी.

कलम सहावे. छप्पर पुढीलप्रमाणे कापावे. ही पद्धत ह्यांची आहे. मी ती इतके रविवार मधल्या दारातून ऐकली आहे की झोपेतही सांगेन.

हे काम एकट्याने करायचे नाही. हे म्हणायचे, हातोडा एकट्याचा चालतो, छप्पर एकट्याचे चालत नाही. गाडी सपाट जागी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, घ्यावी. आतल्या सळयांचे जोड आधी हलवून बघावेत, इतकी वर्षे झाली आहेत. कापायला पुढच्या खांबांपासून सुरुवात करावी, मग मधले, सर्वांत शेवटी मागचे. शेवटचा खांब सुटण्याआधी चारही कोपऱ्यांना माणूस हवा, कारण खांबांविना छप्पर म्हणजे ओला पुठ्ठा. एका कोपऱ्याने सोडले की पिळवटते आणि मग जन्मात सरळ होत नाही. ठरले होते ते असे: पुढचा उजवा कोपरा आमचे हे, पुढचा डावा पेंटर, मागचा डावा काचवाले, आणि कापून झाले की मागच्या उजव्याला भावजी. उचलताना बोलायचे एकानेच. बाकीच्यांनी तोंडे मिटायची, काचवाल्यांनी "हळू" म्हटले तर चालेल.

खांबांचे तुकडे कापून काढल्यावर छप्पर खाली ठेवाल तेव्हा पुढचे खांब एकमेकांना जुळणार नाहीत. घाबरू नये. खांब मागे कललेले आहेत, म्हणून असेच होणार. छप्पर मधोमध आडवे कापावे, पुढचा भाग पुढे सरकवून खांबांना मिळवावा आणि मधल्या फटीत नव्या पत्र्याची पट्टी भरावी. तो पत्रा ह्यांनी कापून ठेवलेला आहे, कपाटामागे, तेल लावून. जोडताना वेल्डिंगचे टाके लांब लांब मारावेत, एक इकडे, एक समोर, आणि मध्ये ओल्या फडक्याने गार करावे. सीटला कव्हर चढवताना मीसुद्धा असेच टाके घालते. सलग एका बाजूने शिवत गेले की कापड ओढले जाते, पत्र्याचेही तेच. हे मी त्यांना सांगितले होते की त्यांनी मला, यावर आमचा वाद होता आणि तो मी आता जिंकला असे जाहीर करते.

माझ्यासाठी त्या यादीत कुठलाच कोपरा नव्हता. मी "चहा आणि सीट" यात होते. याचा राग माझ्या मनात अजून आहे, तो मृत्युपत्रात नोंदवून ठेवते.

कापून निघालेले खांबांचे सहा तुकडे असे वाटावेत: एक पेंटरांना, एक काचवाल्यांना, एक भावजींना, एक लेकीला, एक ह्यांच्या फोटोशेजारी. सहावा कोणाला ते सुचत नाही.

कलम सातवे. हेडबाई ही गाडी, तिची काच, ह्यांची हत्यारे, ती लाकडी पट्टी आणि बॉनेटवर राहिलेला उजव्या हाताचा हातमोजा, हे सगळे मी माझ्या भावजींना देत आहे. अट एकच. छप्पर त्यांनी स्वतः कापावे, पट्टीच्या मापाने, आणि पेंटर व काचवाले हयात असेपर्यंत. पेंटरांचे गुडघे गेले आहेत. काचवाल्यांचा हात चहाचा कप धरताना थरथरतो, काच धरताना अजून नाही, पण तेही कुठवर? भावजींनी हे केले नाही तर गाडी लेकीकडे जाईल आणि तिथून ती भंगारात जाईल, हे मी तिच्यावर राग न धरता लिहिते. जिथून आली तिथे परत. तसे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी सगळी कलमे या एकासाठी आहेत.

कलम आठवे. ते लाकडी खोके पेंटरांना द्यावे, कारण त्यावर बसून माप घेण्याची अक्कल त्यांची होती.

पुरवणी. वरील मजकूर टाइप करून झाल्यावर आज दुपारी सह्यांसाठी सगळ्यांना शेडमध्ये बोलावले. तिथे जे घडले त्यामुळे हे पुढचे हाताने लिहावे लागत आहे.

लेक होती, वकीलबाई होत्या, पेंटर आणि काचवाले होते, साहेब कोट घालून आले होते. भावजींना मी उद्यासाहेबांकरवी निरोप धाडला होता. ते आले, पण शेडच्या दारातच उभे राहिले, कपाळ चौकटीला लागणार नाही असे. वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचले. कलम पाचव्याला भावजींनी मान खाली घातली. कलम सातवे संपल्यावर ते आत आले, सळईवरून पाय टाकून हेडबाईत बसले. पाठ सरळ करून. मग त्यांनी आपला पंजा आडवा करून डोक्यावर ठेवला. पंजाच्या वर चिकटपट्टीची खालची रेघ होती.

"वहिनी," ते आतूनच म्हणाले, "सीट कधी खाली केलीत?"

"तुम्ही नव्हता तेव्हा," मी म्हटले. दुसरे काय म्हणणार?

तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला की एका पेशंटमुळे ते अडकले आहेत, येऊ शकत नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, दुसरा साक्षीदार नाही, आज काम होणार नाही. भावजी गाडीतून उतरले, बॉनेटवरचे पेन उचलले आणि म्हणाले, "मी करतो सही."

वकीलबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो काका, तुम्ही साक्षीदार झालात तर गाडी तुम्हाला मिळणार नाही. हत्यारं नाहीत, काहीच नाही. वाचलं ना मी आत्ता?"

"ऐकलं मी. म्हणूनच करतोय." मग ते माझ्याकडे वळले. भावजींना इतके बोलताना मी आधी पाहिले नव्हते. "वहिनी, तुमच्या माघारी कापायचं म्हणजे परत तेच. परत एक कोपरा रिकामा. दादा होता तेव्हा मी गेलो, मी यायच्या आत तो गेला. आता तुम्ही गेल्यावर मी इथे येऊन छप्पर कापू? नाही कापणार. मला गाडी नको. तुम्ही असताना कापायचंय मला. उद्या रविवार आहे."

मला रडू आले. ते मी पदराने पुसले नाही. सगळे बघत होते, बघू दे म्हटले.

उद्यासाहेब म्हणाले, "उद्या कशाला? आत्ताच करू की!" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचे ऐकून काचवालेसुद्धा हसले. गॅसची टाकी भरून आणायची आहे, म्हणून उद्याच ठरले.

कोपऱ्यांचा विषय निघाला. पुढच्या उजव्याला कोण? सगळे त्या जागेकडे बघत राहिले. भावजी म्हणाले, "दादाचा कोपरा वहिनी धरतील."

लेक म्हणाली, "काका, तिला झेपेल का?"

"वजन आम्ही तिघं घेऊ," भावजी म्हणाले. "त्यांनी फक्त कोपरा सोडायचा नाही."

साहेबांनी घसा साफ केला. मला वाटले आता अर्ज निघतो खिशातून. ते म्हणाले, "रविवारचा तो आवाज बंद झाल्यापासून मला दुपारची झोप येत नाही. किती वाजता सुरू करताय?" म्हणून खांबाचा सहावा तुकडा त्यांना. साक्षीदाराला मृत्युपत्रातून देता येत नाही हे मला पाठ झाले आहे. तो मी उद्या जिवंतपणी हातात देईन, आणि भावजींचा तुकडा व हातमोजाही तसाच. त्यात कायदा आड येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या मृत्युपत्रातली एक गोष्ट हसून ऐकली.

कलम सातव्यातली गाडी आता लेकीची. तिला विचारले, भंगारात घालशील का? ती छपरावरून हात फिरवत होती, पत्रा चाचपत होती, डोळे मिटून. कोणाची लेक आहे ते तेव्हा कळले. म्हणाली, "आधी हसते का बघू तरी. ओली फडकी मी धरते."

भावजींनी घाईघाईने माझ्याआधीच सही केली होती, ती वकीलबाईंनी खोडायला लावली. मी सही केल्यावर त्यांनी परत केली, माझ्या डोळ्यांसमोर, सावकाश, पाठ सरळ ठेवून.

उद्या मी ह्यांच्या कोपऱ्याला उभी राहणार आहे. तेव्हा हे मृत्युपत्र निदान उद्या संध्याकाळपर्यंत कोणालाही लागू नये.

लिहून ठेवणारी: (सही) सीटवाली वहिनी

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे साहेब, सेवानिवृत्त

साक्षीदार दुसरे: (सही, एक खोडलेली व एक खरी) वेल्डर, यजमानांचे धाकटे भाऊ

ठिकाण: शेड, हेडबाईजवळ, पुढचा उजवा कोपरा

दिनांक: शनिवार, छप्पर उतरायच्या आदला दिवस